कशाला जायचं? बघायला!

मागच्या दिवाळीत माझ्या भाचीनं अमेरिकेतून फोनवर एक फोटो पाठवला. ती तिकडं कॅन्सस राज्यात शिकायला आहे. फोटोत ती आणि तिच्या तीन मैत्रिणी एका भल्यामोठ्या, तपकिरी, गोल वस्तूला टेकून उभ्या. खाली लिहिलेलं, ‘मावशी, ओळख बघू हे काय आहे?’

मला आधी वाटलं कडब्याची गंजी. मग वाटलं, वारूळ असेल. शेवटी तिनंच फोन करून सांगितलं. तो होता सुतळीचा गोळा! कॉकर सिटी नावाचं गाव, नावात सिटी असली तरी वस्ती पाचशेच्या आतली. तिथल्या फ्रँक स्टोबर नावाच्या शेतकऱ्यानं १९५३ साली गोठ्यात इकडंतिकडं पडलेली सुतळी गुंडाळायला सुरुवात केली. गुंडाळता गुंडाळता गोळा माणसापेक्षा मोठा झाला. पुढं त्यानं तो गावाला देऊन टाकला. आज तो रस्त्याच्या कडेला एका छपराखाली ठेवलाय. दरवर्षी ऑगस्टमध्ये गावकरी जमतात आणि त्यात आणखी सुतळी गुंडाळतात. येणाऱ्या पाहुण्यालाही गुंडाळू देतात. गोळ्याचं वजन आता कित्येक टनांवर गेलंय. आणि या पोरी तो बघायला तीन तास गाडी चालवून गेल्या होत्या!

मला हसूच आलं. आमच्या आजीच्या फडताळातही असा गोळा होता. किराणा सामानाच्या पुड्यांचा दोरा ती कधी फेकायची नाही. गोळा लिंबापेक्षा मोठा झाला की, आजोबा म्हणायचे, “काय करायचंय त्याचं?” तिला कुणी त्यासाठी गावात छप्पर बांधून दिलं नाही, हा भाग वेगळा.

पण फोन ठेवल्यावर हसू ओसरलं. भाचीनं जाता जाता विचारलं होतं, “मावशी, तुमच्या बीडजवळ काय आहे गं बघायला?” आणि मी पटकन म्हणून गेले होते, “आमच्याकडं काय असणार बाई? दुष्काळ आणि दगडं!”

हे मी का म्हणाले? मला खरंच ठाऊक होतं का, की इथं काही नाही? मैत्रिणींनो, खरं सांगायचं तर मी बघितलंच नव्हतं.

लग्न होऊन बीडला आले त्याला आता सत्तावीस वर्षं झाली. अंबाजोगाईला निदान पंधरा वेळा गेले असेन. लग्नानंतर योगेश्वरीची ओटी भरायला गेले, मुलाच्या जावळानंतर गेले, नणंदेचं लग्न ठरलं तेव्हा गेले. मग एकदा सासऱ्यांना तिथल्या सरकारी दवाखान्यात ठेवलं होतं, तेव्हा डबे घेऊन गेले. प्रत्येक वेळी तेच. एस.टी.तून उतरायचं, काम उरकायचं, ‘पाचची गाडी चुकेल’ म्हणत परत फिरायचं. देवळापासून पाच-दहा मिनिटांवर हत्तीखाना आहे, हे मला माहीत होतं. पण ‘तिथं कशाला जायचं?’ हा प्रश्न कुणी विचारायच्या आधी मीच स्वतःला विचारायचे.

हा ‘कशाला’ आपल्या बायकांच्या पाचवीला पुजलाय. घरातला पुरुष ‘जरा जाऊन येतो’ म्हणून चप्पल घालतो आणि जातो. कुठं, कशाला, किती वेळ, कुणी विचारत नाही. आपल्याला मात्र घराबाहेर पडायचं तर कारण लागतं. लग्न, बारसं, बाळंतपण, दवाखाना, मयत, नाहीतर देव. देवाचं कारण त्यातल्या त्यात सोपं, कारण देवाला कुणी नाही म्हणत नाही. पण नुसतं ‘बघायला जाते’ असं म्हणून बघा बरं घरात. सगळे असं बघतील, की तुमच्या डोक्यावरच काहीतरी परिणाम झालाय.

आमची भिशी आहे बाराजणींची. दर महिन्याला एकीच्या घरी जमायचं, पैसे गोळा करायचे, चिठ्ठी काढायची, पोहे-चहा आणि साड्यांच्या गप्पा. त्या महिन्यात मी भाचीचा फोटो सगळ्यांना दाखवला. हशा पिकला. मग आमच्यातल्या एक निवृत्त बाई, ज्यांनी तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला, त्या शांतपणे म्हणाल्या, “हसताय काय? त्या सुतळीचा गोळा बघायला जातात. तुम्ही हजार वर्षांचे हत्ती बघायला गेलात का कधी?” सगळ्या गप्प! मग ठरलंच. पुढची भिशी अंबाजोगाईला.

बाराजणींतून निघाल्या सातच. कुणाकडं पाहुणे आले, कुणाच्या ‘ह्यांना’ पसंत पडलं नाही. माझ्या घरातून मात्र एक वाढल्या. सासूबाई! वय अठ्ठ्याहत्तर. म्हणाल्या, “मी पण येते. मला तर तिकीटच नाही.” खरंच की! पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना एस.टी. फुकट आहे आणि आम्हा बायकांना १७ मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट. त्या अर्ध्या तिकिटानं आपण माहेरी जास्त वेळा जायला लागलो, बाजारहाटाला जायला लागलो. पण ते बघण्यासाठीही वापरता येतं, हे सुचलं नव्हतं.

बीडहून सोलापूरच्या दिशेनं महामार्गाला लागलं की पाच-सहा किलोमीटरवर खजाना विहीर आहे. एस.टी.च्या खिडकीतून बाईंनी हात करून दाखवलं, तोवर गाडी पुढंही गेली. १५८२ साली, निजामशाहीच्या काळात, बीडचा जहागीरदार सलाबतखान यानं ही विहीर बांधून घेतली आणि काम पाहिलं राजा भास्कर या जाणकारानं. विहिरीतून जमिनीखालून पाट काढलेत. ना मोट, ना मोटार, उतारानं पाणी आपोआप शेतांपर्यंत जायचं. टँकरची वाट बघत ज्यांची अर्धी हयात गेली, त्या आपल्या जिल्ह्यात चारशेहून जास्त वर्षांपूर्वी कुणीतरी पाण्याचा एवढा विचार केला होता. पाण्याचा हंडा आपल्याच डोक्यावर असतो ना? मग ही विहीर सगळ्यात आधी आपण बघायला नको का? पुढच्या आठवड्यात आम्ही चौघी रिक्षा करून मुद्दाम तिथं गेलो.

मांजरसुंब्याला गाडी वळली. नेकनूर, केज करत अंबाजोगाई आली. आधी देवीचं दर्शन, ते काही चुकवायचं नव्हतंच. ओटी भरून झाली आणि मग आयुष्यात पहिल्यांदा परत स्टँडकडं न वळता आम्ही हत्तीखान्याकडं वळलो.

काय सांगू? जमिनीत उतरल्यासारखं आत जायचं. सगळा एकसंध खडक. त्या खडकातच अंगण, खडकातच मंडप, खांबांच्या रांगा आणि अंगणात उभे दगडाचे मोठाले हत्ती. नंदीसुद्धा आहे. माळव्याच्या परमार राजांच्या काळात, अकराव्या शतकात हे कोरलं गेलं असावं, असं अभ्यासक सांगतात. वेरूळला जाऊन आपण ‘अहाहा’ करतो, त्याच जातीचं काम आपल्या शेजारच्या गावात उन्हात उभं आहे.

सासूबाईंनी एका हत्तीच्या पायाशी बसकण मारली. त्याच्या सोंडेवरून, एखाद्या म्हशीच्या पाठीवरून फिरवावा तसा, हात फिरवला आणि म्हणाल्या, “म्हणजे वऱ्हाड ते हेच का गं?”

गोष्ट तुम्हाला माहीत असेलच. योगेश्वरीचं लग्न परळीच्या वैजनाथाशी ठरलं होतं. वऱ्हाड निघालं, पण मुहूर्त टळला. लग्न मोडलं, वऱ्हाडी जागच्या जागी दगडाचे झाले आणि देवी इथंच राहिली, कुमारिका म्हणून. सासूबाईंनी ही गोष्ट आम्हाला शंभर वेळा सांगितली होती. पण ते ‘दगडाचं वऱ्हाड’ म्हणजे काय, ते त्यांनी स्वतः कधी बघितलं नव्हतं! साठ वर्षं त्या देवीला येतात. साठ वर्षं हत्ती दहा मिनिटांवर होते.

मी म्हटलं, “आत्याबाई, एवढ्या वर्षांत कधी यावंसं वाटलं नाही?”

त्या म्हणाल्या, “वाटलं की. पहिल्याच वर्षी वाटलं. तुझ्या सासऱ्यांना म्हटलं, हत्ती बघू. ते म्हणाले, पुढच्या खेपेला. मग दर खेपेला मी विचारलं नाही अन् त्यांनी सांगितलं नाही.” थोडं थांबून म्हणाल्या, “मागितलं असतं तर नेलंही असतं. वाईट नव्हते ते. पण मागायचं कशाला, असं वाटायचं.”

आम्ही सगळ्या गप्प झालो. प्रत्येकीची एकेक ‘पुढची खेप’ होतीच ना शिल्लक.

बाईंनी मग आणखी एक गोष्ट सांगितली, ती मी विसरणार नाही. यादवांचा राजा सिंघण, त्याचा सेनापती खोलेश्वर. या खोलेश्वराचा मुलगा राम नर्मदेकाठच्या लढाईत पडला. त्याची बहीण लक्ष्मी. तिनं भावाच्या आठवणीसाठी अंबाजोगाईत देऊळ बांधलं आणि शके ११६२, म्हणजे १२४० सालच्या शिलालेखात ते कोरलेलं आहे. बघा हं, आठशे वर्षांपूर्वीची एक बहीण. आपण भाऊबीजेला ओवाळतो, भाऊ गेला तर पदरानं डोळे पुसतो. तिनं दगडावर नाव कोरून ठेवलं. राजांची नावं आपल्याला पाठ आहेत, पोरांना परीक्षेत मार्कही मिळतात. पण आपल्या जिल्ह्यातली ही लक्ष्मी कुणाला ठाऊक आहे? मला तरी नव्हती.

आणि एवढंच आहे का? अंबाजोगाईतच बाराखांबीचं देऊळ आहे. ‘विवेकसिंधु’ लिहिणाऱ्या मुकुंदराजांची समाधी गावाजवळच्या दरीत आहे. हा ग्रंथ शके १११०, म्हणजे ११८८ चा मानला जातो, ज्ञानेश्वरीच्याही आधीचा. दासोपंतांची पासोडी आहे. पासोडी म्हणजे आपलं जाड पांघरूण. दासोपंतांनी सुमारे चाळीस फूट लांब आणि चार फूट रुंद अशा कापडावर आपला ग्रंथ लिहून काढला! ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा आपण सगळ्यांनी एकमेकींना शुभेच्छांचे निरोप पाठवले. त्या भाषेचं एवढं जुनं घर आपल्या एस.टी.च्या थांब्यावर आहे आणि आपण तिथून फक्त पेढे घेऊन येतो.

बीडमध्येच कुंडाच्या पाण्यात उभं असलेलं कंकालेश्वराचं देऊळ आहे. महाशिवरात्रीला आपण रांगेत उभ्या राहतो. त्याच्या भिंतीवर हत्यार घेऊन लढणाऱ्या बायका कोरल्यात, त्या रांगेत उभं असताना कितीजणींनी मान वर करून बघितल्या? धारूरचा किल्ला आहे, १५६७ साली आदिलशाहीचा सरदार किश्वरखान यानं बांधलेला. त्या वाटेवर आपण थांबतो ते सीताफळं घ्यायला. बालाघाटच्या डोंगरातल्या आपल्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा थांबायलाच हवं म्हणा. पण पाटी घेऊन बसलेल्या मावशींशी भाव करता करता मागच्या किल्ल्याकडंही एकदा बघावं.

आता कुणी म्हणेल, एवढं सोपं आहे का ते? नाही. हत्तीखान्यातलं मी तुम्हाला अर्धंच सांगितलं. आम्ही पोचलो तेव्हा आत एका खांबाआड चार पोरं पत्ते खेळत बसली होती. कोपऱ्यात बाटल्यांच्या काचा, भिंतीवर खडूनं लिहिलेली नावं. आम्हाला बघून एकजण म्हणाला, “काय करायलात इथं?” जणू आम्हीच चुकून आलो होतो! बाई पुढं झाल्या आणि म्हणाल्या, “बघायला आलोय. तुम्ही काय करायलात?” पोरं काही बोलली नाहीत. पत्ते गोळा केले आणि निघून गेली. जाताना एकानं काचा पायानं बाजूला सारल्या.

परतीच्या वाटेवर मी त्याचाच विचार करत होते. आपण म्हणतो, अशा जागा बायकांसाठी बऱ्या नाहीत, म्हणून तिथं जायचं नाही. पण आपण जात नाही, म्हणूनच तर त्या तशा झाल्यात! ज्या देवळात बायकांची वर्दळ असते, तिथं कुणी पत्त्याचा डाव मांडत नाही. जिथं बाई, लेकरू, म्हातारी माणसं यायला लागतात, तिथं आपोआप झाडू फिरतो, चहाची टपरी येते, दिवा लागतो. जागा आधी चांगली होईल आणि मग आपण जाऊ, असं म्हणत बसलो तर ती कधीच चांगली होणार नाही. अर्थात उगीच धाडस करा, असं मी सांगत नाही. एकटीनं, तिन्हीसांजेला जाऊ नका. पाच-सातजणी मिळून, दिवसाउजेडी जा. पण जा.

आणि दुसरी अडचण, जी पुरुषांच्या ध्यानातही येत नाही. त्या दिवशी आम्ही सकाळी घरातून निघालेल्या आठजणी, दुपारपर्यंत पाणी घोटघोट पीत होतो. का, ते तुम्हाला सांगायला नको. एका ठिकाणी बायकांसाठीच्या खोलीला कुलूप, दुसरीकडं खोलीच नाही. आमच्यातल्या दोघींना साखरेचा त्रास, सासूबाईंचं वय हे असं. शेवटी एका ओळखीच्या घरी गेलो, तेव्हा कुठं जिवात जीव आला. किल्ले-लेण्यांसाठी निधी आला, असं आपण वाचतो. त्यातून कमानी होतात, दिवे लागतात. माझं म्हणणं एवढंच, की आधी बायकांसाठी स्वच्छ, पाणी असलेलं आणि उघडं स्वच्छतागृह बांधा. दुसरं, साध्या मराठीत एक पाटी लावा, कुणी बांधलं, कधी बांधलं. लक्ष्मीचं नाव त्या पाटीवर ठळक लिहा. तिसरं, दिवसभर बसणारा एक माणूस ठेवा, आणि ती बाई असली तर फारच छान. बचत गटाला एखादी चहा-नाश्त्याची टपरी दिली, तर त्यांचंही भागेल आणि जागेवर लक्षही राहील. या मोठ्या मागण्या नाहीत. पण आपण तिथं जातच नसलो, तर मागणार कुठल्या तोंडानं?

एक गोष्ट मनात सलते, तीही बोलून टाकते. आपल्या जिल्ह्यातल्या ज्या बायका सगळ्यात जास्त प्रवास करतात, त्या काही बघायला जात नाहीत. दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीला निघालेले ट्रक-ट्रॅक्टर आपण रस्त्यावर बघतोच. भांडीकुंडी, शेळी, लेकरं आणि वर बसलेली बाई. पश्चिम महाराष्ट्र, कर्नाटक, सहा-सहा महिने. तिला मी ‘जरा फिरून ये’ म्हणून सांगायला जाणार नाही, तेवढी लाज मला आहे. ती घरी परतते तेव्हा आपला उंबरा बघणं हीच तिची सहल. पण तिची लेक वसतिगृहात नाहीतर आजीपाशी राहून शाळेत जाते. शाळेची सहल निघाली की ती खर्चापायी मागं राहते. सहल म्हणजे महाबळेश्वर नाहीतर कोकणच, असं कुणी ठरवलं? जवळच्या हत्तीखान्याची सहल काढली तर खर्च किती येईल? मग मागं कुणीच राहणार नाही.

१७ सप्टेंबर २०२५ ला बीडपर्यंत रेल्वे आली. किती वर्षं वाट पाहिली आपण त्या गाडीची! आता बाहेरची माणसं येतील, ‘इथं बघायला काय आहे?’ असं विचारतील. तेव्हा आपण ‘दगडं’ म्हणायचं का? माझ्यासारखं?

भाचीला मी हत्तीचे फोटो पाठवले. सासूबाई हत्तीच्या पायाशी बसलेल्या, तो फोटो सगळ्यात वर. तिचा लगेच फोन आला, “मावशी, हे तुमच्याकडं आहे? आणि तू मला दुष्काळ सांगितलास?” मी काय उत्तर देणार!

पण मला तिच्या त्या सुतळीच्या गोळ्याचंही आता हसू येत नाही. त्या गावाकडं ना लेणी, ना किल्ला. एका शेतकऱ्याची सवय, तेवढीच पुंजी. पण त्यांनी ती जपली, दरवर्षी सगळ्यांनी मिळून तिच्यात भर घातली, म्हणून ती बघण्याजोगी झाली. आपल्याकडं हजार वर्षांपूर्वी कुणीतरी एवढं करून ठेवलंय. आपण त्यात भर घालायची ती फक्त आपल्या पावलांची.

पुढच्या महिन्यातली भिशी धारूरला आहे. या वेळी बाराच्या बाराजणी येणार म्हणतात. ज्यांच्या ‘ह्यांना’ पसंत नव्हतं, त्यांनीही फोटो बघितलेत. सासूबाईंनी तर पिशवी आत्ताच भरून ठेवलीय. किल्ला चढवणार नाही म्हणतात गुडघे. “पण दरवाजापर्यंत तर जाईन,” म्हणाल्या. “पुढच्या खेपेचं माझं काय खरं आहे गं?”

तुमच्या गावाच्या वाटेवरही असं काहीतरी असेलच. एखादी बारव, एखादं पडकं देऊळ, एखादी गढी. एस.टी.च्या खिडकीतून इतकी वर्षं मागं सरकत गेलेलं. एकदा तिथं उतरा. कुणी विचारलंच ‘कशाला?’ तर सांगा, “बघायला.”